एक गुंडी कमी

सोलापुरात थंडी आली हे अंगाच्या आधी नाकाला कळतं. एखाद्या सकाळी सात रस्त्याच्या कडेला हातगाडी उभी राहते. तिच्यावर ओल्या फडक्याखाली हिरव्या दाण्यांचा ढीग असतो आणि शेजारी शेंगांच्या चटणीच्या पुड्या. मी गाडी हळू करतो, वास घेतो आणि पुढं जातो. विकतचा हुरडा मला जात नाही. हुरडा शेतात बसून, तळहात पोळवून घेत खायचा. त्यासाठी दाजींच्या फोनची वाट बघायची असते. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. दोघं करकंबला असतात. चारी बाजूंनी ऊस वाढला तरी दाजींनी एक तुकडा ज्वारीला राखून ठेवलाय. दर वर्षी कणसं भरली की त्यांचा फोन येतो, "काय सायेब, हुरडा काय कुनाची वाट बघत न्हाय. आत्ता येताय, का ज्वारी झाल्यावर भाकरी खायला येताय?"

यंदाही आला. आणि दर वर्षीप्रमाणं फोन ठेवल्यावर मला चार वर्षांपूर्वीचा हुरडा आठवला. त्याबद्दल मी आजवर कुणापाशी बोललो नाही. तसा मी बोलतोच कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात, आणि त्या समजुतीच्या सावलीत मी बरीच वर्षं आरामात बसलो. आता पन्नाशी उलटल्यावर तिथून उठावंसं वाटतंय.

हुरड्याचं वय फार थोडं. दाणा दुधात असताना कणीस भाजलं तर हाताला नुसता चिकटा लागतो. उशीर झाला तर दाणा दाताखाली खडा होतो. मधल्या थोड्या दिवसांत तो गोड असतो, चोळला की सुटतो, चावला की फुटतो. माझ्या धंद्यात हेच शोधत असतो आम्ही. फार सोपं झालं की माणूस जांभई देतो, फार अवघड झालं की फोन ठेवून देतो. मधली ती गोडी सापडली की उठतच नाही.

धंदा काय, हे सोलापुरात सांगणं अवघड आहे. मी फोनवरच्या कोड्यांच्या खेळांसाठी लेव्हली रचतो. शेजारचे काका एकदा म्हणाले, "म्हणजे घर बांधताना लेव्हल काढतात तसं का?" मी हो म्हणालो. तारुण्यात मी चादरीच्या कारखान्यात नक्षी उतरवायला होतो. आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट रंगवून मोर उभा करायचा, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्यांची माळ मागावर चढायची, आणि माग तो मोर विणायचा. एक चौकट चुकली की प्रत्येक चादरीवरचा प्रत्येक मोर लंगडा. चौकटींची ही सवय पुढं कामी आली. कारखान्यात संगणक आला, मी तो शिकलो, आणि होता होता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायला लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही. वाईट कंपनी होती असंही नाही. तिथली पोरं मला सर म्हणायची.

खेळ साधा होता. पडद्यावर चौकटी, चौकटींत रंगीत गुंड्या. शेजारच्या गुंड्यांची अदलाबदल करायची. एका रंगाच्या ओळीनं आल्या की त्या निघून जातात आणि वरून नव्या पडतात. ठरलेल्या चालींत सांगितलेल्या रंगाच्या गुंड्या गोळा करायच्या. बस. नक्षी काढणाऱ्याला याहून सुखाचं काय असणार? पहिली लेव्हल अशी मांडायची की कुणी न सांगता बोट बरोबर जागी जावं. नवी अडचण आणायची तर आधी एकटी आणायची, ओळख करून द्यायची, मग जुन्या अडचणींत मिसळायची. एक दमवणारी लेव्हल झाली की पुढची अंगणासारखी मोकळी. घरी जेवायला आलेल्या माणसाला कसं, पहिल्या घासाला ठसका लागू देत नाही आपण. तसं.

हे सगळं मी मनापासून करायचो. आणि ते करता करता दुसरंही करायला लागलो.

वरून कोणती गुंडी पडणार हे नशिबावर असतं असं खेळणाऱ्याला वाटतं. ते आमच्या हातात होतं. मी एक लेव्हल अशी रचली की निळी गुंडी नेमकी एक कमी पडावी. माणूस हरतो, पण असा हरतो की त्याला वाटतं, अरे, आलंच होतं की हातात! मग पडद्यावर अक्षरं येतात, 'फक्त एक गुंडी राहिली! जाहिरात बघा आणि जादा चाली मिळवा.' जाहिरात बघितली की निळी पडायला लागायची. बघितली नाही तर पडायची नाही. कितीही डोकं लढवा, पडायचीच नाही. ही युक्ती माझी होती. वरिष्ठांनी एवढंच सांगितलं होतं की माणूस इथं अडकला पाहिजे. कसा, ते मी शोधलं. शोधलं तेव्हा खुर्चीत मागं रेलून मी स्वतःशी हसलो होतो. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी पडद्यावरून टाळ्या वाजवल्या. सरांची लेव्हल, सरांची लेव्हल. अशा टाळ्या मोरांना कधी पडल्या नव्हत्या.

अक्का करकंबची शिवणारी. बाजाराच्या दिवशी तिच्या पडवीत बायकांची रांग असायची. अंगाला टेप लावायची ती केवळ रीत म्हणून. बाई उंबऱ्यातून आत आली की अक्काच्या डोळ्यांनी माप घेतलेलं असायचं. कापड अंथरून खडूनं दोन-तीन खुणा, आणि कात्री चालायची ती न थांबता. तिचा एक नेम होता. गिऱ्हाइकानं दिलेलं कापड कमी पडलं तरी परत मागायचं नाही. आडवं फिरव, तिरकं बसव, बाहीच्या आत दिसणार नाही असा जोड दे, पण दिल्या कापडात बसव. "कापड मागाया लागली ती शिवनारीन न्हवं, भिकारीन," असं ती म्हणायची. शिकायला आलेल्या पोरींना हे पहिल्या दिवशी ऐकावं लागायचं.

मी तिच्या फोनमध्ये तो खेळ घालून दिला, तेव्हा आमची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेवटी आईला काही आठवत नव्हतं. अक्कानंच तिचं सगळं केलं. एके सकाळी आईनं अक्काच्या हातून चहा घेतला आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कुनाकडच्या?" अक्का हे हसत सांगायची. हसत सांगून झाल्यावर पदरानं ओठ पुसायची. मोकळ्या वेळात काहीतरी विरंगुळा म्हणून तिला खेळ दिला, तर तिनं तो वाघासारखा खेळला. फोनवर मला सांगायची, "सुन्या, आज तीन लेव्हली पाडल्या की!" गिऱ्हाइकांना दाखवायची, "माझ्या भावानं केल्यालं हाय." आणि मग ती त्या लेव्हलवर पोचली.

आता सरळ सांगतो. जाहिरात बघून मिळणाऱ्या जादा चाली अक्कानं घेतल्या नाहीत. घेणारच नव्हती. दिल्यात बसवायचं, परत मागायचं नाही. कोट्यवधी लोक खेळोत, दुसऱ्या कुणाला नसेल असा हा नेम माझ्या सख्ख्या बहिणीला होता, आणि माझा सापळा बरोबर त्याच नेमावर बसला. जो मागेल तो सुटणार, जो मागणार नाही तो अडकणार. रचताना मला असली माणसं आठवलीच नव्हती. मी त्यांच्याच घरात वाढलो होतो.

लहानपणची एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कड्या टाकायचा खेळ असायचा. ठोकळ्यांवर साबण, आरसे, कंगवे मांडलेले. कडी पूर्ण बसली की वस्तू तुमची. मी माझ्या वाटच्या सगळ्या कड्या घालवल्या आणि रडायला लागलो. अक्का तेव्हा परकरात होती. ती ठोकळ्याकडं एकटक बघत राहिली आणि भर गर्दीत खेळवाल्याला म्हणाली, "ओ मामा, कडी बसवून दावा की तुमीच. सरळ न्हाय बसत ती." मामानं आम्हाला हाकललं, पण जाताना माझ्या हातात एक कंगवा कोंबला. एवढी नजर त्या मुलीची. तीच मुलगी मोठी होऊन माझ्या लेव्हलपाशी महिनोन्‌महिने हरत राहिली आणि तिला एकदाही कडीचा संशय आला नाही. जत्रेतल्या मामाच्या ठोकळ्याकडं आपण संशयानं बघतो. भावानं मांडलेल्याकडं कोण बघतं?

तिला संशय आला तो स्वतःचा. "एकच ऱ्हाती बघ," ती फोनवर म्हणायची. आधी चिडून, मग हसून, मग नुसतंच. "आदी जमायचं. आता जमंना. आईचंबी असंच सुरू झालं हुतं न्हाय का?" मी म्हणायचो, "काहीतरीच काय अक्का." सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी सांगितलं नाही. टाळ्यांची ती लेव्हल बहिणीसमोर उघडी करायची मला लाज वाटली. तिच्या पडवीतल्या बायकांना, 'भावानं केल्यालं हाय' ऐकलेल्या त्या सगळ्या बायकांना, ते कळेल याची भीती वाटली. कंपनीचं गुपित फोडू नये असंही कारण मी स्वतःला दिलं. कारणं शोधायला मी हुशार आहे.

दाजी तिला सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन आले. मीच नंबर लावला होता. बाहेरच्या बाकावर अक्का माझ्या आणि दाजींच्या मध्ये बसली आणि तिनं पिशवीतून फोन काढला. चाल, चाल, चाल. मी तिच्या बोटाकडं बघत होतो. सुरेख खेळत होती. मी रचणारा असून मला त्या चाली सुचल्या नसत्या. शेवटी पडदा विझला आणि अक्षरं आली. "बघ की," तिनं फोन माझ्यापुढं धरला. "परत एकच."

मी विचारलं, "पाणी आणू का?"

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. रचलेली लेव्हल एक वेळ विसरेन.

डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला दिले, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं नीट आलं. काही झालेलं नाही, आनंदात राहा, म्हणाले. बाहेर येताना ती दाजींना म्हणाली, "घड्याळ काढाया काय लागतंय? गुंडी कुटं बघितलीया त्यांनी." दाजी हसले. मलाही हसावं लागलं.

मग आली ती थंडी. मी एकटाच करकंबला गेलो होतो. दुपार होती, ऊन पातळ होतं. दाजींनी शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि आरात कणसं खुपसली होती. अक्का पोत्यावर बसून गरम कणसं चोळत होती आणि फुंकर मारून कोंडा उडवत होती. तिच्या केसांवर तो हिरवा कोंडा बसत होता. केळीच्या पानावर हुरडा, गूळ, शेंगांची चटणी, दह्याचं गाडगं. दाजी मला चिडवत होते, "शहरातली मानसं चमच्यानं खात्यात म्हनं हुरडा." तेवढ्यात बांधावरून गावातली एक बाई आली. हातात पिशवी होती. मुलीचं लग्न ठरलं होतं. शालूचं ब्लाउजपीस काढून तिनं अक्काच्या मांडीवर ठेवलं. अक्कानं हात कोंड्याचे होते म्हणून आधी पदराला पुसले. मग कापडावरून तळवा फिरवला, उलट सुलट केलं, काठ बघितला. आणि घडी घालून परत दिलं.

"अकलूजला दे बाई कुनाकडं. माझा हात आता भरवशाचा न्हाय. लेकीचं लग्नाचं कापड, उगं नासायचं."

"अगं, कायतरीच! तुझ्याबिगर कोन?"

"न्हाय गं. डोकं चालंना झालंय माझं."

अगदी साध्या आवाजात म्हणाली. बाजारभाव सांगावा तशी. बाई थोडा वेळ घुटमळली आणि गेली. अक्का पुन्हा कणीस चोळायला लागली. तिच्या पडवीतलं मशीन येताना मी बघितलं होतं, त्यावर चादर पांघरलेली होती. मला वाटलं होतं, धुळीसाठी असेल.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. कसं निघालं ते माहीत नाही. "अक्का, ती लेव्हल जिंकताच येत नाही. मी तशी केली आहे. निळी गुंडी मी अडवून ठेवली आहे."

दाजी कणीस परतायचे थांबले. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर माया दाटून आली. मला ओरडली असती तर चाललं असतं. ती म्हणाली, "माझी समजूत घालाया लागलास व्हय? लई चांगला हायस. पन असं खोटं नको बोलू. तू न्हाय असं करनार."

मी गांगरलोच. कबुलीजबाबाची माझी जी काही कल्पना होती तिच्यात हे नव्हतं. मी चांगला आहे या तिच्या खात्रीपुढं माझा गुन्हा उभाच राहीना. शेवटी मी दाजींना म्हणालो, "तिचा फोन घ्या. खेळून हरा. मग जाहिरात बघा."

दाजींना खेळ येत नव्हता, त्यामुळं ते पटकन हरले. जाहिरात गुडघेदुखीच्या तेलाची होती, ती त्यांनी मन लावून बघितली. मग वेड्यावाकड्या दोन चाली केल्या, आणि वरून निळी गुंडी टपकन खाली आली. पाठोपाठ दुसरी. दाजी लहान पोरासारखे ओरडले, "पडली की! अगं, पडली!" आणि ओरडून झाल्यावर त्यांना कळलं. त्यांनी फोन हळूच अक्काच्या हातात दिला आणि आराकडं तोंड फिरवलं.

ती पडद्याकडं बघत राहिली. अक्काची ती ठोकळ्याकडं बघणारी नजर मी बऱ्याच वर्षांनी बघितली.

"म्हंजी माझं डोकं जाग्यावर हाय," ती म्हणाली.

"व्हय, अक्का."

"आनि तुझं?"

मी पोत्यावर सांडलेले दाणे वेचायला लागलो.

"दवाखान्यात शेजारी बसला हुतास की रे."

एवढंच. हुरडा संपला, आर विझला. निघताना तिनं नेहमीसारखी हुरड्याची पुडी बांधली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "वयनीला दे. तुला न्हाय ह्यो." एसटीत ती पुडी मांडीवर घेऊन मी बसलो. खरं तर मी रडायला हवं होतं, पण काय झालं सांगू? मला हलकं वाटत होतं. तिला तिचं डोकं परत मिळालं होतं. त्या बदल्यात भाऊ गेला असेल तर सौदा तिच्या बाजूनं बरा होता, असं काहीतरी मी मोडनिंबपर्यंत मनात घोळवत होतो.

त्याच दिवशी नोकरी सोडली असं लिहायला फार बरं वाटलं असतं. सोडली नाही. ती युक्ती काढून टाका असं मी वरिष्ठांना म्हणालो, तर माझ्या मुलीच्या वयाचा तो मुलगा फार नम्रपणं म्हणाला, "सर, लोकांना आवडतं म्हणूनच तर खेळतात ना." मी पुढचे काही महिने लेव्हली रचत राहिलो. तसली पुन्हा रचली नाही, पण ती जुनी अजूनही तिथंच असेल. कुणीतरी आत्ता हे वाचता वाचता तिच्यावर अडकलेलं असेल. त्यांना एवढंच सांगतो, तुमचं डोकं जाग्यावर आहे.

अक्काचा फोन यायचा बंद झाला. मीही केला नाही. मग चैत्र संपता संपता, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा उन्हात, दारात ती उभी. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, तोंड लालबुंद. "तुझ्याकडं आले न्हाय," आत येता येता तिनं सांगून टाकलं. "अस्तराचं कापड घ्यायला आले. ऊन लई हाय म्हनून बसाया आले. पानी दे." मी माठातलं पाणी दिलं. तिच्या पिशवीतून अस्तराचे तुकडे डोकावत होते. इतके तुकडे एका बाईच्या ब्लाउजला लागत नाहीत. ते रंग मी डोळे भरून बघितले. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "अजून करतोस का असल्या लेव्हली?"

"न्हाय."

"मग काय करतोस?"

तेव्हा मी पुण्याचं काम सोडून शबानाच्या कामाला नुकता लागलो होतो. शबाना ही आमच्या कारखान्यातल्या रंगारी उस्तादांची मुलगी. दोन-तीन जणांना घेऊन तिनं सोलापुरातच खेळ बनवायला घेतले होते. माझी पहिली लेव्हल बघून ती म्हणाली होती, "काका, ये नक्को. इसमें हारे तो अपना कुसूर दिखताच नै." मला ते लागलं, आणि पटलं. मग मी वरून काही पडायचंच नाही असा खेळ रचायला घेतला. लागणाऱ्या सगळ्या गुंड्या पहिल्यापासून समोर मांडलेल्या. लपवलेलं काही नाही, उसनं मागायची सोय नाही. दिल्या मांडणीत बसवायचं. हे तत्त्व कुठून आलं, ते मी शबानाला सांगितलं नाही. अक्कालाही नाही. त्या दुपारी फक्त फोन तिच्यापुढं ठेवला.

तिनं तो लगेच घेतला नाही. "कडी बसवून दाव आदी," म्हणाली. मी तिच्यासमोर लेव्हल सोडवून दाखवली. मग घेतला. त्या दिवसापासून प्रत्येक नवी लेव्हल आधी अक्काकडं जाते. न सुटणारी आहे असं वाटलं की फोन येतो, "कर बघू तूच," आणि मला तिच्यादेखत सोडवावी लागते. विश्वास असा पूर्वीसारखा आपोआप आता बसणार नाही. दर खेपेला नवा घालावा लागतो, काजं घालतात तसा, एकेक.

रचणाऱ्याला उत्तर माहीत असतं, त्यामुळं अवघड काय ते त्याला दिसत नाही. म्हणून दुसऱ्याला खेळताना बघावं लागतं, आणि बघताना तोंड मिटून घ्यावं लागतं. कुणाचं बोट भलत्या गुंडीकडं निघालं की जीभ वळवळते. तिथं बोललं की सगळं वाया. गप्प राहण्यात मी मुरलेला, त्यामुळं मला हे सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. दवाखान्याच्या बाकावरचं गप्प बसणं आणि हे, बाहेरून बघणाऱ्याला सारखंच दिसेल. मला अजूनही दर खेपेला स्वतःला विचारावं लागतं, यातलं कोणतं चाललंय?

परवा करकंबला गेलो. दाजींनी आर केला होता, कणसं होती, चेष्टा होती. अक्का ब्लाउज शिवते. लग्नाची कापडं अजून घेत नाही. "बघू की, फुडच्या लगनसराईत," म्हणते. मी आग्रह केला नाही. हुरडा खाऊन झाल्यावर तिनं हात धुतले, चष्मा लावला आणि फोन मागितला. नव्या खेळातली शेवटची लेव्हल मी घेऊन गेलो होतो. फार दिवस लागलेत मला तिच्यावर. तिच्यात पळवाट नाही, आणि उत्तर एका जागी उघड्यावर बसलंय, पण नजर तिथं शेवटी जाते.

ती खेळायला लागली. दाजी तिच्या खांद्यावरून बघत होते. मी समोर बसून चेहरा कोरा ठेवत होतो. बराच वेळ ती हललीच नाही. मग एक चाल, दुसरी, पुढच्या भराभर. आणि अडकली. चाली संपल्या. पिवळी गुंडी एका कोपऱ्यात कोंडली गेली होती.

मी अक्काच्या तोंडाकडं बघत होतो. चार वर्षं मी त्या क्षणाला भीत आलो होतो.

"गेलं का डोकं?" दाजी म्हणाले. असली चेष्टा त्या घरात एवढ्यात कुणी करत नव्हतं.

"डोकं जात न्हाय तुमच्यासारखं," अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "हिरवी आदी सरकवली मी. घाई केली." आणि तिला हसू फुटलं, तोंडावर हात घेऊन, जत्रेतून पळत बाहेर आल्यावर हसली होती तसं.

मला राहवलं नाही. "अक्का, ती खालची जरा..."

"गप ए." तिनं चष्मा वर सरकवला आणि लेव्हल पहिल्यापासून लावली. "दिसतंय मला कुटं चुकलं ते."